कानाशी धरलेला डबा

अजूनही मला खरं वाटत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या बाळंतपणासाठी खस्ता खाल्लेल्या बाईच्या हातून हे व्हावं?

घरात मी त्यांची धाकटी जाऊ, इस्पितळात त्यांच्या हाताखालची नर्स. दोन्हीकडे त्या माझ्या ताईच. तोंडाने फटकळ. कुणी चपला घालून वजनकाट्यावर चढली की म्हणायच्या, "चपलांना कितवा महिना लागलाय?" आणि मग तिलाच स्वतःची खुर्ची द्यायच्या.

आमच्याकडे एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. गरोदरपणात रक्तदाब चढतो आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं, ते या गोळ्यांनी टळतं का, हे पाहायचं होतं. निम्म्या डब्यांत खरं औषध, निम्म्यांत दिसायला तशाच पण बिनऔषधाच्या गोळ्या. डबे सीलबंद. कशात काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. फळीवरचा पुढचा डबा पुढच्या बाईला द्यायचा, एवढाच नियम. ते काम ताईंचं.

ताईंचा सगळा जीव या चाचणीत अडकला होता. त्यांच्या लेकीचं पहिलं बाळ याच दुखण्याने गेलं होतं आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना चाचणीत घेत नसत. पण निकाल चांगला लागला तर तिला औषध द्यायचं, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

निकालाच्या दिवशी डॉक्टर आत आल्या त्या बसल्याच नाहीत. म्हणाल्या, "औषध घेणाऱ्या बायकांनाच जास्त त्रास झालाय."

ताईंनी हातातला कप बशीवर ठेवला. "असं कसं होईल?"

"मलाही तेच कळत नाही, सिस्टर. आणखी एक विचित्र गोष्ट आहे. अशक्त, आधीपासून रक्तदाब असलेल्या, पहिलं मूल गेलेल्या, अशा जवळजवळ सगळ्या औषधाच्याच बाजूला आल्यात. धडधाकट तेवढ्या दुसऱ्या बाजूला. नशिबाने एवढं एकतर्फी वाटप होत नसतं."

"नशिबाने कसलं? मी दिलं ना," ताई म्हणाल्या.

"तुम्ही? कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"डबा कानाशी धरून हलवला की कळतं. एकाचा आवाज खणखणीत, दुसऱ्याचा दबका. दबका डबा नेणाऱ्यांनाच मळमळायचं, म्हणजे खरं औषध तेच. मग जिला बघून पोटात तुटायचं तिला मी दबका शोधून द्यायचे. धट्ट्याकट्ट्या पोरींना काय, नुसत्या गोळ्याही चालतात."

हे सगळं त्या चांगलं काम सांगावं तशा सांगत होत्या. त्यांना डबा कानाशी धरताना मी कितीदा पाहिलं होतं! मला वाटायचं, वय झालं, कान गेले.

डॉक्टर आता खाली बसल्या. "सिस्टर, ज्यांना त्रास होण्याची भीती जास्त, त्या सगळ्या तुम्ही एकीकडे गोळा केल्यात. आता औषधाने त्रास वाढला, की औषध होतं म्हणून तो एवढ्यावरच थांबला, हे कसं ओळखायचं? चाचणी बाद झाली."

"मग पुन्हा करा."

"वर्षं जातील."

"माझ्या लेकीला कुठली वर्षं?" ताई उठल्या आणि फळीवरचा एक डबा उचलून सवयीने कानाशी नेला. "हा बघा, हा खरा. एवढा एक तिला द्या."

"काय सांगून देऊ?" डॉक्टरांचा आवाज चढला. "तारेल म्हणून, की मारेल म्हणून?"

ताईंचा हात कानाशीच राहिला. मला त्यांचा संताप आला आणि त्यांना जवळही घ्यावंसं वाटलं. दया केली हो, पण नियम कशासाठी आहे, हे एकदा तरी विचारायचं होतं!

पुढच्या तपासणीला लेक आली. मी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. आकडा मागच्यापेक्षा वर गेला होता. माझा चेहरा तिने वाचलाच असणार. मान वळवून तिने फळीपाशी उभ्या आईला विचारलं, "आई, तू त्या औषधाचं सारखं सांगायचीस ना? खरंच गुण येतो का गं त्याने?"

दारात येणाऱ्या प्रत्येकीसाठी ताईंकडे तयार उत्तर असायचं. पोटच्या पोरीजवळ मात्र त्या नुसत्या आल्या आणि तिच्या दंडाचा पट्टा सोडवू लागल्या.

"माहीत नाही गं, बाळा," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे आता कुणालाच माहीत नाही."