बिनकातडीचे सोयरे

वैद्यकीय महाविद्यालयात भिंतीवरचे तक्ते रंगवणाऱ्या त्या चित्रकाराची बहुतेक सगळी सासुरवाडी शरीररचना विभागाच्या व्हरांड्यात टांगलेली होती. तेही कातडीशिवाय.

स्नायू, शिरा आणि हाडे तो विच्छेदनाच्या टेबलावरून इमानेइतबारे उतरवून घेई. पण टेबलावरच्या माणसाचा चेहरा मात्र घ्यायचा नाही, असा त्याचा दंडक होता. ज्याची परवानगी मागता येत नाही त्याचा चेहरा वापरू नये, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. मग चेहरा आणायचा कुठून? तो घरून आणी.

उभे राहण्याची ढब त्याने विभागातल्या एका फार जुन्या चित्रग्रंथातून उचलली होती. त्या ग्रंथातली माणसे सोललेली असूनही कमालीची सभ्य होती. एक गृहस्थ स्वतःची कातडी कोटासारखी हातावर टाकून टेकडीवर उभा आहे. एक बाई पडदा सारावा तसे स्वतःचे पोट अलगद बाजूला धरून आतला गर्भ दाखवते आहे, आणि चेहऱ्यावर भाव असा, की आलात तर घटकाभर बसा. मागे झाडे, ढग, चरणारी शेळी. पाहताना आधी हसू येते, आणि मग लक्षात येते की या चित्रांत मेलेले कुणीच नाही. मृताकडून मिळालेले ज्ञान जिवंत माणसाच्या अंगावर घालून परत करावे, अशी ती एक रीत होती. तिच्यात शास्त्र किती आणि शिष्टाचार किती हे सांगणे अवघड. पण ती निव्वळ सजावट नव्हती.

त्या रीतीने, मागच्या शेळीसकट, प्रथम मेव्हणा उभा राहिला. तो फर्निचरचा दुकानदार, आणि अंगाने आपल्याच दुकानातल्या सोफ्यासारखा. कातडी काढायची म्हणजे तिच्याखालची चरबीही काढावी लागते. त्यामुळे तक्त्यावर तो पैलवान निघाला. तेव्हापासून कुणी वजनावरून टोकले की तो सांगे, माझे खरे रूप विभागात लावले आहे, हे वरचे नुसते पॅकिंग. ओळखीच्या माणसांना तो ते रूप दाखवायला हौसेने नेई. मावससासूला यकृत मिळाले आणि धाकट्या मेव्हणीला फुफ्फुसे. त्यावरून दोघींत बराच काळ अबोला होता. फुफ्फुसे कशी झाडासारखी फांद्या फुटलेली, देखणी, आणि आमच्या वाट्याला हा चपटा गोळा, असे मावशींचे म्हणणे.

पत्नी मात्र एकाही तक्त्यावर नव्हती.

तिने हा विषय कधी काढला नव्हता. चित्रकाराच्या निवृत्तीच्या वर्षी नवे विभागप्रमुख आले. तोंडी परीक्षेत, मांडीच्या या स्नायूच्या मागे काय असते, असे त्यांनी विचारले, आणि एका विद्यार्थ्याने न अडखळता शेळी असे उत्तर दिले. त्याच दिवशी हुकूम निघाला: जुने तक्ते राहू देत, पण यापुढे चित्रात देखावा नको आणि घरच्यांचे चेहरे नकोत. चित्रकाराकडून आता एकच तक्ता घ्यायचा उरला होता.

हे त्याने घरी सहज सांगितले, आणि पत्नीने हातातले काम बाजूला ठेवले.

"माझ्या भावाला उभं केलंत, मावशीला बसवलंत, शेजारच्या वकिलांचंसुद्धा पोट उघडून झालं. मी काय बिनहाडामांसाची आहे?"

त्याने बरीच सारवासारव केली. शेवटी खरे कारण सांगितले: इतरांची कातडी काढणे सोपे गेले, कारण ती आपण कधी नीट पाहिलीच नव्हती; पण तुझे चित्र काढायला बसलो की हात कातडीपाशीच थांबतो.

"हे लग्नानंतर लगेच बोलायचं होतं," ती म्हणाली. "आता काढा."

योगायोग असा, की उरलेला तक्ता चेहऱ्याच्या स्नायूंचा होता. चेहऱ्याच्या तक्त्यात तरी चेहरा चालेल ना, असे त्याने नम्रपणे विचारले. प्रमुखांनी बराच विचार केला. चालेल, ते म्हणाले, पण कुणाचा आहे ते ओळखू येता कामा नये.

त्याने पत्नीला खिडकीशी बसवून चित्र काढले. मेव्हण्याने ते पाहून मनापासून दाद दिली आणि विचारले, "कोण हे गृहस्थ?"

कातडी काढली की माणसे सारखीच, हे वाक्य सभेत टाळ्या घेते. पण जिला एकदा तरी ओळखले जावे असे वाटते तिचे त्या समतेने समाधान होत नाही, आणि यात तिचे काही चुकते असे म्हणता येणार नाही.

उपाय त्याला अपघाताने सापडला. जिन्यातला बल्ब बदलला, असे त्याने ठोकून दिले. बल्ब बदललेला नव्हता. पत्नीची डावी भुवई वर गेली, कपाळाला एकाच बाजूने आठ्या पडल्या, ओठाचा कोपरा आत ओढला गेला. आणि इतकी वर्षे जिथे हात थांबत होता तिथे त्याला प्रथमच कातडीखालचा स्नायू काम करताना दिसला. तिला विश्रांतीत काढले हीच चूक होती. त्या घरात तिला विश्रांतीत पाहिले होते कुणी?

मग तो रोज नेमाने एक थाप मारू लागला. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. बहिणीला पत्र टाकले. या थापा आहेत आणि कशासाठी आहेत हे तिला ठाऊक होते. तरी भुवई तिला न विचारता वर जाई, आणि तो पेन्सिल चालवी.

प्रमुखांनी पुरा झालेला तक्ता जवळून, लांबून पाहिला. हे कुणीही असू शकते, असे म्हणून त्यांनी तो मेव्हण्याच्या तक्त्याशेजारी लावायला सांगितला.

निरोपाच्या छोट्या समारंभाला मेव्हणा उशिरा पोचला, बरोबर एका गिऱ्हाइकाला घेऊन. स्वतःची मांडी, दंड, छाती असे सगळे समजावत तो पुढे सरकला, आणि शेजारच्या तक्त्यासमोर येताच त्याचा हात खाली आला.

"ताई, मी निघालोच होतो वेळेवर," तो चित्राकडे पाहत म्हणाला. "दुकानात माणसं होती."

ताई तक्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. प्रमुखांनी चित्राकडे पाहिले, मग तिच्याकडे. हा चेहरा ओळखू येतो, तेव्हा तक्ता उतरवावा लागेल, असे काहीतरी ते बोलू लागले. तिने त्यांचे म्हणणे पूर्ण लक्षाने ऐकून घेतले; फक्त डावी भुवई वर गेली. वाक्य अर्ध्यावर राहिले. प्रमुखांनी कोटाचे वरचे बटण लावले आणि म्हणाले की कपाळाचा स्नायू इतका स्पष्ट दाखवणारे चित्र दुसरीकडे मिळणे कठीण, तेव्हा ते असू द्यावे.

सगळे पांगल्यावर चित्रकाराने तिला विचारले, झाले का समाधान? तिने बराच वेळ तक्ता न्याहाळला.

"मीच आहे," ती म्हणाली. "नाक तेवढं तुमच्या बहिणीचं काढलंय."