रफूताईंचे गायब तुकडे

प्रयोगशाळेत त्यांना सगळे रफूताई म्हणतात. स्क्रीनवर प्रथिनाची रचना फिरवून बघायची, कुठे तुकडा गायब असला की सॉफ्टवेअरमध्ये जोडून भोक बुजवायचं, हे त्यांचं काम. ते जुनाट सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणाला जुमानत नाही, म्हणून ताईंनी रजेचं नाव काढलं की साहेब हात जोडतात. ताईंचा भाऊ नोकरीपायी आज या शहरात, उद्या त्या. घरी आई अंथरुणाला खिळलेली. एका खुंट्यावरून सुटल्या की ताई दुसऱ्याला बांधलेल्या.

आज मी विचारलं, "ताई, हे तुकडे जातात तरी कुठे?"

"जातायत कुठे मेले! तिथेच असतात, पण सतत वळवळतात, म्हणून चित्रात येत नाहीत. जे जागचं हलत नाही, तेवढंच ठळक दिसतं."

तेवढ्यात भावाचा फोन आला. त्याला याही महिन्यात यायला जमणार नव्हतं. "असू दे रे, मी आहेच," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि माउस असा आपटला की प्रथिन गरगर फिरलं.

"घरी मात्र उलटं आहे बघ," त्या म्हणाल्या. "आईला दिवसभर तोच दिसतो. मी समोर बसून घास भरवते, तर मलाच विचारते, तो आला का?"