उडत्या बाजेचा सिनेमा

रावेरच्या अलीकडे, सुकी नदीच्या काठी वडगाव आहे. तिथल्या जीवरामला अर्धवट गोष्ट सोसत नसे. कीर्तनाला गेला तर बुवा पागोटं सोडून पाणी पिईपर्यंत हलायचा नाही. लग्नाला गेला तर मांडवाची शेवटची मेढ उपटेपर्यंत थांबायचा, आणि वरमाय 'हा अजून इथंच?' अशा नजरेनं त्याच्याकडे बघत राहायची. रस्त्यात दोघं भांडताना दिसले की गाडी थांबवून उभा राही. भांडण न मिटताच ते पांगले, तर मागं जाऊन विचारी, "मंग कोनाचं खरं ठरलं?"

बाकी माणूस साधा. केळीची बाग, विहिरीवर मोट, एक बैलजोडी आणि बायको झुंबरबाई. घरात शब्द झुंबरबाईचा चाले. बागेत जीवरामचा चालावा असं ठरलं होतं, पण तिथंही तिचाच चाले.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात गावच्या जत्रेला लीलाधरशेठचा तंबू सिनेमा आला. सिनेमाचं हिंदी नाव मोठं आणि अवघड होतं. लोकांनी ते पहिल्याच दिवशी सोडून दिलं आणि त्याला 'उडत्या बाजेचा सिनेमा' म्हणायला सुरुवात केली.

गोष्ट अशी होती. एका राजपुत्राला प्रश्न पडतो, की माणूस जन्माला येतो तो कशासाठी? उत्तर शोधायला तो जादूच्या बाजेवर, म्हणजे खाटेवर, बसून आकाशात उडतो. पाताळात जाऊन नागराजाला विचारतो, तर नागराज त्याला नागकन्यांचा नाच दाखवतो. राक्षसाला विचारतो, तर राक्षस त्याला खायला धावतो. शेवटी हिमालयाच्या गुहेत हजार वर्षं डोळे मिटून बसलेला एक ऋषी सापडतो. ऋषी डोळे उघडतो. दाढीतून वारूळ झटकतो. हात वर करतो आणि म्हणतो, "बेटा, इन्सान इस दुनिया में आता है, सिर्फ..."

इथं पडद्यावर खट्‌कन आवाज झाला, पांढरी रेघ चमकली, आणि एकदम राजपुत्र ऋषीच्या पायावर पडलेला दिसला. त्याच्या डोळ्यांत आनंदाचे अश्रू होते. आकाशातून फुलं पडत होती. सिनेमा संपला.

लोक खूष होऊन उठले. त्यांना बाज उडाली ते पुरे होतं. जीवराम मात्र जागचा हलला नाही. तंबूच्या कनाती सोडायला लागले तेव्हा तो लीलाधरशेठसमोर जाऊन उभा राहिला.

"शेठ, तो बाबा काय म्हने?"

"कोण बाबा?"

"ऋषी. 'सिर्फ' म्हने, अन् मंग?"

शेठनं मशीन चालवणाऱ्या सुपडूकडे पाहिलं. सुपडू म्हणाला, "तिथं पट्टी तुटली होती भाऊ. मी जोडली. जोडताना थोडी कापावी लागते."

"थोडी म्हंजे?"

सुपडूनं हाताची वीत दाखवली.

जीवरामनं कपाळावर हात मारला. "एवढा मोठा सिनेमा! राक्षस कापाचा होता. नागराज कापाचा होता. तुले नेमका बाबाच सापडला?"

त्याला वाटेला लावायचं म्हणून शेठ म्हणाला, "भडगावला नवी पट्टी येणार आहे. तिथं ये, पूर्ण दाखवतो."

हे शेठ सगळ्यांनाच सांगत असे आणि कुणीच येत नसे. जीवराम घरी गेला आणि झुंबरबाईला म्हणाला, "मी भडगावले जातो. ताईबाईले भेटाले."

ताईबाई त्याची बहीण, भडगावला दिलेली. तिच्या लग्नानंतर जीवराम तिकडं क्वचितच फिरकला होता. झुंबरबाईनं सूप खाली ठेवलं.

"खरं सांगा."

त्यानं खरं सांगितलं. बाज, ऋषी, वीतभर पट्टी, सगळं. झुंबरबाई ऐकत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही जन्माले आले ते केयीले पानी द्याले. हे मले इचारलं असतं त तिकीट बी लागलं नसतं."

तरी तो गेला.

भडगावला गिरणेच्या काठी तंबू लागला होता. ताईबाईनं भावाला पाहून पुरणपोळीचा घाट घातला, पण भावाचं लक्ष पोळीत नव्हतं. पट्टी जुनीच होती. इथं तर सुपडूनं आणखी चार बोटं कापली होती, म्हणून ऋषी 'सिर्फ'पर्यंतही पोचला नाही. 'बेटा' म्हणाला आणि राजपुत्र पायावर पडला.

"आता धुळ्याला येईल," शेठ म्हणाला. "त्याआधी पिंपळनेरची जत्रा करू."

"मंग मी संगं येतो," जीवराम म्हणाला.

शेठला माणूस हवाच होता. जीवराम तंबूचे खुंटे ठोकू लागला, दिवसा गल्लोगल्ली डफ वाजवून सिनेमाची दवंडी देऊ लागला. सिनेमा इतक्या वेळा पाहिला की नागकन्यांची पावलंही त्याला पाठ झाली. घरी त्यानं माणसाकरवी निरोप धाडला, 'नवी पट्टी आली की येतो.' झुंबरबाईनं उलट निरोप धाडला, 'केळी पिकून खाली पडल्या की तुमची पट्टी मी काढते.'

पिंपळनेरला जत्रा दांडगी भरली होती. डोंगरातली माणसं पोराबाळांसकट आली होती. तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. आणि ही माणसं सिनेमा नुसता बघत नव्हती, ऐकत होती. राजपुत्रानं पहिल्यांदा प्रश्न विचारला तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "चांगलं इचारं पोऱ्यानी!" 

ऋषीनं डोळे उघडले. तंबू चिडीचूप झाला. ऋषीनं हात वर केला, आणि पडद्यावर त्याच्या दाढीला मधोमध एक तपकिरी डाग पडला. डाग पसरला, बुडबुडे आले आणि ऋषी जळून गेला. नुसता पांढरा उजेड राहिला.

"काय सांगं रे त्या बाबानी?" मागून कोणी ओरडलं.

"बठ्ठं दखाडा!" सगळं दाखवा, असा गलका झाला.

"आम्ही कसाले उनूत मंग?" आपण आलोच कशाला, असं एकजण विचारू लागला.

कोणीतरी तंबूचा दोर सोडायला घेतला. बांबू करकरला. लीलाधरशेठचा चेहरा पडद्यापेक्षा पांढरा झाला. त्यानं जीवरामला दंडाला धरून पुढं ढकललं. "तू रोज पाहतोस. जा, सांग त्यांना काहीतरी!"

जीवराम पडद्यासमोर उभा राहिला. मशीनचा उजेड तोंडावर, मागं त्याचीच तंबूएवढी सावली. लोक गप्प झाले. खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलंही, पण काय खोटं बोलावं तेच सुचेना.

"मंडळी," तो म्हणाला, "मले माहीत नाही. मी रावेरकडचा. हेच ऐकाले इथवर आलो. माही केयीची बाग तशीच पडली हाये."

पुढची म्हातारी उठली. "मंग तुन्हं घरदार कोन दखस?"

"बायको."

"आन् तिन्हं घरदार?"

 तंबू हसून हसून हेलकावू लागला. दोर सोडणारा माणूससुद्धा दोर हातात धरून हसत होता.

"माणूस नाचाकरता येस!" एक तरुण ओरडला.

"तू नाचाकरता ऱ्हाशी. तुना बाप बैल राखाकरता उना!" दुसरा म्हणाला.

"बैल कसाकरता येस मंग?" म्हातारीनं विचारलं.

इथं खरा वाद पेटला. अर्धे बैलाच्या बाजूनं, अर्धे माणसाच्या. जीवराम एकेकाकडे बोट दाखवी, तो उठून बोले. तिकिटाचे पैसे परत मागायचे राहूनच गेले. लोक भांडत भांडत बाहेर पडले, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक पुन्हा आले, सोबत आणखी चार जणांना घेऊन. कारण बैलाचा निकाल लागायचा होता.

लीलाधरशेठ व्यापारी माणूस. त्यानं सुपडूला हुकूम दिला, की इथून पुढं ऋषीनं हात वर केला की मशीन बंद. आणि जीवरामला पांढरा फेटा बांधून रोज पडद्यासमोर उभा केला.

धुळ्याला तंबू लागेपर्यंत 'जीवरामबुवां'चं नाव पुढं पोचलं होतं. फेट्याचा तुरा आता वीतभर वर आला होता, आवाजात खर्ज आला होता. प्रश्न विचारण्याआधी तो हजार वर्षांनी जागा झाल्यासारखे डोळे उघडायचा. एके दिवशी त्यानं डोळे उघडले, हात वर केला आणि विचारलं, "सांगा! माणूस जन्माले कशासाठी येतो?"

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "मी सांगते!"

झुंबरबाई उभी होती. काखेत गाठोडं. जीवरामचा वर केलेला हात फेट्याकडे गेला.

"घड कापनीले आले, केयीच्या वॅगनी ठेसनात लागल्या, त्यासाठी येतो! मोटीचा नाडा तुटला, तो जोडाले येतो! घरात बायको एकटी हाये, तिच्याशी चार शबुद बोलाले येतो! अन् हा पांढरा फेटा आपल्या लग्नातल्या धोतराचा फाडला का काय, ते आधी सांगा!"

तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला. धुळेकरांना वाटलं, ही बाई सिनेमातलीच. "वन्स मोर!" असा पुकारा झाला. रागानं बाहेर निघालेली झुंबरबाई थबकली. तिनं आजूबाजूला पाहिलं, पदर नीट केला, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हणून दाखवलं. यावेळी नाड्यासोबत बैलांचाही समाचार घेतला.

लीलाधरशेठ हात जोडून तिच्यापाशी आला. "अक्का, आणखी चार दिवस राहा."

"मी काय तमाशातली हाये का?" झुंबरबाई म्हणाली. पण राहिली. बाज उडते ती मुळापासून बघायची होती, असं ती नंतर सांगे.

तेवढ्यात खरोखरच नवी पट्टी आली. लीलाधरशेठलाच त्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. त्या दिवशी जीवरामनं फेटा बांधला नाही. बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी करणाऱ्या दोरीच्या अलीकडे तो बसला, पलीकडे झुंबरबाई. पट्टी स्वच्छ होती. नाग चकचकत होते. ऋषीनं डोळे उघडले, हात वर केला. 

"बेटा," ऋषी म्हणाला, "इन्सान इस दुनिया में आता है, सिर्फ लौट जाने के लिए।"

"म्हंजे?" दोरीपलीकडून झुंबरबाईनं विचारलं.

"परत जाण्यासाठी."

"ऐकलं ना? बाबा बी तेच सांगू राह्यला. चाला घरी."

लोकांना मात्र हे मुळीच आवडलं नाही. "एवढंच?" कोणीतरी ओरडलं. "याच्यापेक्षा आपला जीवरामबुवा बरा!" खेळ संपल्यावर लीलाधरशेठनं स्वतःच्या हातानं कात्री घेऊन ऋषीचं ते वाक्य कापलं.

जीवराम-झुंबरबाई सकाळच्या गाडीनं निघाले. वाटेत त्यानं खिडकीतून एक बैलजोडी जाताना पाहिली. मग म्हणाला, "त्या बैलाचं काही ठरलं नाही वं."

"कोनत्या बैलाचं?"

त्यानं पिंपळनेरची सगळी गोष्ट सांगितली. म्हातारीनं काय विचारलं, तेही. झुंबरबाई म्हणाली, "ती म्हातारी शहानी व्हती," आणि गाठोडं सोडून त्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

केळीची एक कापणी बुडाली ती बुडालीच. गावात पुढं कुणाचं भांडण अडलं की लोक त्याला बोलवत. तो मधे बसे, "मले माहीत नाही, तू बोल," असं एकेकाला म्हणे आणि ऐकत राही. बहुतेक भांडणं बोलून बोलून थकून मिटत.

नाद लागला तो झुंबरबाईला. पंचक्रोशीत कुठंही तंबू लागला की तिसऱ्या प्रहरीच ती गाडी जुंपायला लावी. आत गेली की दोन्ही डोळे पडद्यावर, आणि राक्षस आला की त्याला मोठमोठ्यानं शिव्या देई. जीवराम बाहेर बैलांपाशी बसून राही, कडब्याची पेंढी सोडी आणि शेजारच्या गाडीवाल्याला म्हणे, "बसा ना भाऊ. आत काय, बाई पाहू राह्यली. तुमची कापूस येचनी कुठवर आली?"