आमच्या संडासाचा उतार

लिहिण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहिणारी माणसं कुणीतरी मोठी असतात, असं मला अजून वाटतं. त्यात माझा विषय संडास! पण रानशेत गाव सोडून डहाणूच्या होस्टेलात आल्यापासून घराची आठवण निघाली, की का कोण जाणे, आधी तोच डोळ्यांसमोर उभा राहतो.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिचं सासर तलासरीचं. सासूबाईंनी निरोप धाडला, "पोरीला घेऊन येते. पण या दिवसांत ती डबा घेऊन रानात जायची नाही. घरात सोय दिसली तर ठेवीन, नाहीतर माझ्याबरोबर परत." आईनं पदर खोचला. लेकीचं बाळंतपण आपल्या हातून व्हावं, एवढी एकच तिची हौस होती.

काम काकानं अंगावर घेतलं. काका गवंडी. गावातले निम्मे ओटे त्याच्या हातचे. एकाच खोलीत संडास आणि अंघोळीची जागा, अन् पाणी जायला मागच्या कोपऱ्यात जाळी, असं ठरलं. देखरेखीला सुट्टीत घरी आलेला मी. (सायन्सचा ना!)

"काका, लादीला उतार पाहिजे," मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून सांगितलं.

"मला उतार शिकवतो? पोऱ्या, जल्मभर उतारच काढले मी!"

लादी बसल्यावर मी शास्त्रीय तपासणी केली. एक चिकू जमिनीवर सोडला. चिकू गडगडत निघाला. "एकदम बरोबर!" मी जाहीर केलं. चिकू कुठल्या दिशेला जातो तेही बघायचं असतं, हे व्हिडिओत नव्हतं.

ताई आणि सासूबाई आल्या, तेव्हा संडासाच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. आईनं हळदकुंकू वाहिलं, बाबांनी नारळ फोडला. सासूबाई उंबऱ्याशी पाहायला उभ्या राहिल्या आणि मी भरलेली बादली आत ओतली.

पाणी क्षणभर घुटमळलं. मग वळलं आणि थेट दाराकडे निघालं! झेंडूच्या पाकळ्या, हळदकुंकू, नारळाची करवंटी असा सगळा लवाजमा घेऊन ते सासूबाईंच्या पावलांवरून अंगणात गेलं. बाबांची एक चप्पलही सोबत गेली. कोपऱ्यातली जाळी मात्र डोंगरावरच्या देवीसारखी उंच, कोरडी!

"काका, पाणी बाहेर आलं!"

"मग? पाणी दारातूनच बाहेर जातं. घरात साठवायचंय का तुला?" (ओट्यांचा नियम. काकानं तो इमानानं पाळला होता.)

सासूबाईंनी ओले पाय झटकले. "संध्याकाळची तलासरीची गाडी कधी आहे?"

आईचा चेहरा बघवेना. "मावशी, संध्याकाळपर्यंत नीट करतो," मी म्हणालो. काकानं माझ्याकडे असं पाहिलं, की लादीआधी मीच फुटलो असतो.

लादी फोडली. जाळीखालच्या भोकात खडी पडू नये म्हणून, हाताला लागलं ते कापड मी शहाणपणानं आत कोंबलं. काकानं पुटपुटत नवा उतार काढला, या वेळी जाळीकडे. सिमेंट जरा धरल्यावर मी हळूच तांब्याभर पाणी सोडलं. पाणी शहाण्या मुलासारखं जाळीपाशी गेलं... आणि तिथंच बसलं.

"उतार बरोबर आहे!" मी ओरडलो.

"मग तळं कशाचं साचलंय?" बाबा.

ताई पोट धरून हसायला लागली. "अरे, हसवू नको रे मला! इथंच मोकळी होईन!"

काकानं जाळी काढून आत हात घातला. बाहेर आला तो हिरवा, जरीकाठाचा खण. आईनं तो झडप घालून घेतला. सासूबाईंची ओटी भरायला तिनं तो खास डहाणूच्या बाजारातून आणला होता!

 जाळीखालच्या भोकातून पाणी आता गटागट उतरत होतं.

"माझ्यासाठी होता?" सासूबाईंनी विचारलं. आईनं मान डोलावली.

त्यांनी ठिबकणाऱ्या खणाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. हसत होत्या! "धुऊन द्या मला. लेकीच्या सोयीपायी विहिणीचा मान मोरीत घालणारी माणसं! इथं पोरीचे हाल नाही व्हायचे. राहू दे तिला."

मग माझी परीक्षा लागली आणि मी होस्टेलवर आलो. घरी फोन लागेना. तळमळत होतो. शेवटी एका सकाळी काका डहाणूच्या बाजाराला आला आणि होस्टेलच्या फाटकातूनच ओरडला, "मामा झालास! पोरगी! दोघी बऱ्या हायेत!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काका जवळ येऊन म्हणाला, "ताईच्या सासूनं सांगितलंय, बारशाला तलासरीला नक्की ये. पण आधी नको. तिथं त्यांची नवी मोरी चाललीय. ती पुरती वाळू दे, मग ये."

"कोण बांधतंय?"

"मीच की!"