ब्लूपर कुणाचा?

बेसबॉलमध्ये ब्लूपर नावाचा एक शब्द आहे. नियमांच्या पुस्तकात तो शोधायला जाऊ नका, मैदानावरच्या बोलाचालीतला आहे. बॅटला बॉल नीट लागत नाही. तो आळसावल्यासारखा वर चढतो आणि आतल्या खेळाडूंच्या मागे, बाहेरच्यांच्या पुढे, मधल्या रिकाम्या जागेत टपकतो. मारणारीचं कर्तृत्व शून्य, पण ती पहिल्या बेसवर सुखरूप. 'ब्लूपर पडला' म्हणायचं आणि पुढच्या बॉलकडे बघायचं. यातली गंमत अशी की बॉल कुणाच्या हातालाच लागलेला नसतो, म्हणून स्कोअर लिहिणारा बहुतेक वेळा मुकाट्याने हिट लिहून मोकळा होतो. चूक कुणाच्याच नावावर लागत नाही.

मी कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले. ती बेसबॉलचीच धाकटी बहीण, त्यामुळे शब्द दोघींचे सारखेच. आता नाशिकला गंगापूर रोडकडच्या एका मैदानावर आम्ही काही बायका रविवारी सकाळी खेळतो. माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे ताई, तिथे डॉक्टरांच्या धाकाने आल्या. शुगर निघाली होती. पंजाबी ड्रेस आणि नवे कोरे बूट घालून आल्या आणि आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी त्यांना बाहेरच्या बाजूला, नेमकं माझ्या मागे उभं केलं.

सरांचा नियम साधा होता. जी बॉल घेणार तिने 'माझा!' म्हणून ओरडायचं. दुसरीने बाजूला होऊन तिच्या पाठीमागे उभं राहायचं, सुटलाच तर अडवायला. "दोघी ओरडून धडकलात तर बर्फ लावू," ते म्हणायचे, "पण गप्प राहिलात तर घरी जा."

आता थोरल्या जावेसमोर मी 'माझा' म्हणून ओरडायचं? आमच्यात हळदीकुंकवालासुद्धा थोरलीला कुंकू लावल्याशिवाय धाकटीच्या कपाळाला कुणी बोट लावत नाही. बॉल वर गेला की मी थांबून ताईंकडे बघायची आणि ताई माझ्याकडे. बॉल दोघींच्या मधे पडायचा, मग दोघी एकदमच वाकायचो.

"तू जुनी खेळाडू, म्हटलं तूच घेशील," ताई म्हणायच्या.

"तुम्ही मागून येत होतात ना ताई, मी कशाला मधे पडू?"

सर कपाळावर हात मारून घ्यायचे. समोरच्या बायकांनी हे लवकरच हेरलं आणि मुद्दाम आमच्या मधे बॉल मारू लागल्या. मला स्वतःचा रागही यायचा, पण तोंड काही उघडायचं नाही.

त्याच वर्षी थंडीत आमच्या सासूबाई गावी, नामपूरला, घरातच घसरून पडल्या. त्या तिथे एकट्या राहायच्या आणि त्यातच त्यांचा तोरा होता. नाशिकला आणून खुब्याचं ऑपरेशन केलं. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता यांना एकटं ठेवू नका. डॉक्टर गेले आणि खोलीत आम्ही चौघं उरलो, दोन मुलं आणि दोन सुना. पलंगावर सासूबाई.

मोठे दीर म्हणाले, "बघा, तुम्ही ठरवाल तसं." माझा नवरा म्हणाला, "दादा, तुम्ही मोठे. तुम्ही म्हणाल तसं." मग दोघंही मोबाईल बघू लागले.

मला त्यांना न्यायचं होतं. मनापासून. पण मी आधी बोलले असते तर थोरली सून नको म्हणाली, असं साऱ्या नातेवाइकांत झालं असतं. ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यांनी 'तू ने' म्हटलं असतं तर तो हुकूम झाला असता. म्हणून ताई चादरीची घडी घालत राहिल्या आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. कुणी वाईट नव्हतं तिथे. सगळे एकमेकांचा मान राखत होते, आणि जिचं काय होणार ते ठरायचं होतं ती म्हातारी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

शेवटी त्याच बोलल्या, त्यांच्या अहिराणीत, अगदी शांतपणे. "माले नामपूरले सोडी द्या. मन्हासाठे कोन्ही भांडत बी नही."



"आई माझ्याकडे येणार," मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच. नर्सने दारातून डोकावून बघितलं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. चेहरा उतरला होता, नाही म्हणणार नाही. मग त्यांनी औषधांची पिशवी खांद्याला लावली, "उशी मऊ घे हं, त्यांची मान दुखते," म्हणाल्या आणि माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आईंना उठवताना मी समोरून धरलं आणि ताईंनी मागून पाठीला हात दिला.

व्हीलचेअरवर बसल्यावर सासूबाईंनी पदर नीट केला, आधी माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून ताईंकडे.

"इतला येळ काबर लागना वं?"

इतका वेळ का लागला, हे कुणी सांगायचं? आम्ही दोघी परत एकमेकींकडे बघत राहिलो.