मावशीच्या वॉर्डातली आठ मतं

मावशीचा फोन आला तेव्हा मी केडगाव स्टेशनजवळच्या टायपिंगच्या दुकानात कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र तिसऱ्यांदा तपासत होतो. माझी सुनंदामावशी ग्रामपंचायतीला उभी होती आणि मतदारांना वाटायच्या चिठ्ठ्या लिहायला तिला माणूस हवा होता. "तुझं अक्षर चांगलं हाय. तुझ्या काकांचं त्यांनाच वाचता येत न्हाई," ती म्हणाली. बारावी अर्धवट सोडली तेव्हापासून माझ्या अक्षरावर माझ्यापेक्षा नातेवाइकांचाच भरवसा जास्त आहे. मालकाकडून तीन दिवस सुट्टी मागून घेतली.

मावशीचं गाव कोरेगाव भीमाच्या जवळ आहे. नाव लिहीत नाही. निवडणूक झाली तरी भावकी तीच राहते.

या बाजूनं दुचाकीवर जायचं असेल त्यांच्यासाठी रस्ता सांगतो. केडगावहून चौफुला, पारगावला भीमा ओलांडायची, मग न्हावरे, तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर आणि पुढे नगर रस्ता. साठेक किलोमीटर होतात, दोनशेच्या पेट्रोलमध्ये आरामात जाऊन येतो. पारगावच्या पुलावर दोन मिनिटं थांबा. सकाळी नदीवर धुकं असतं आणि गुऱ्हाळांचा गोड वास तिथपर्यंत येतो. ऊसतोडीचा हंगाम असेल तर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर भेटतील, मागे दिवा नसलेले. अशा एकाला मागे टाकायचा धीर गोळा करण्यात माझे चार किलोमीटर गेले. न्हावऱ्याच्या स्टँडवर वडापाव खाल्ला, वीस रुपये, मिरची तिखट. शिक्रापूरच्या चौकात मात्र कंपन्यांची शिफ्ट सुटायची वेळ चुकवा. मी ती अचूक गाठली आणि पाऊण तास धूर खाल्ला.

मावशीच्या गावात पूर्वी रस्त्याला लागून कांदा आणि बाजरी असायची. आता तिथं खोल्यांच्या रांगा आहेत. मावशीच्याही बारा खोल्या, तिच्या नावावरच्या जमिनीवर. भाडेकरू नांदेड, जालना, बिहार इथून कंपन्यांत कामाला आलेले. मतदारयादी घेऊन ओट्यावर बसलो आणि चिठ्ठ्या लिहायला लागलो: नाव, अनुक्रमांक, मतदानाची खोली. यादीची पहिली पानं एकाच आडनावाची होती, शेवटच्या पानांवर मात्र आडनावांची जत्रा भरलेली.

काका शेजारी बसून मोबाइलवर अमेरिकेतल्या निवडणुकीचा व्हिडिओ बघत होते. तिकडंही म्हणे कोणत्या भागात कोण नवीन राहायला आलंय ते मोजतात आणि तिथंच पैसा ओततात. काकांना हे फार पटलं होतं. त्यांनी स्वतः दोन जीपगाड्या, तीन मटणाची जेवणं आणि चौकात मावशीचा एवढा मोठा आणि गोरागोमटा फ्लेक्स केला होता की फोटोत ती आहे हे मावशीलाच सांगावं लागलं. "भावकीची मतं ठरलेली असतात, अर्धी आपली, अर्धी त्यांची," काका म्हणाले. "निकाल ह्या खोल्या लावणार."

दुपारी मी चिठ्ठ्या वाटायला निघालो. मागच्या रांगेतल्या पहिल्या खोलीत रिंकूदेवी राहते. बिहारची, नवरा कंपनीत, ती स्वतः पॅकिंगला. नऊ वर्षं झाली. पोरं झेडपीच्या शाळेत जातात आणि आईचं मराठी सुधारतात. तिचं नाव यादीत पहिल्यांदाच आलं होतं. मी चिठ्ठी पुढे केली तर तिनं हात मागे घेतला. डोळे सुजलेले होते.

"नहीं जाऊंगी भैया. दोनों तरफ की हल्दी उठा ली मैंने. अब किसी का भी बटन दबाऊं, पाप तो लगेगा ना?"

मला कळायला वेळ लागला. आमच्याकडे मतं पक्की करायची एक जुनी रीत आहे. खंडोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, ताटात घेऊन घरोघर जायचं. ती उचलून कुणी मत देईन म्हटलं की तो शब्द मोडायचा नाही, मोडला तर देव कोपतो. कायद्याला हे चालत नाही, पण ताट फिरतं. परवा काका मावशीला न सांगता ताट घेऊन या रांगेत आले होते. रिंकूदेवीला तो प्रसाद वाटला. तिनं हळद भक्तिभावानं उचलली, काका म्हणाले त्याला हो म्हटलं आणि उरलेली पोरांच्या कपाळाला लावली. काल समोरच्या पॅनेलचं ताट आलं. तिनं तीही उचलली, दोन देवळांत जावं तशी. आज सकाळी नळावर नांदेडच्या शकुंतलानं हसत हसत खरा अर्थ सांगितला, आणि मग हसणं थांबलं, कारण शकुंतला सोडून रांगेतल्या आठही बायकांनी तेच केलं होतं. आठही जणी मतदानाला जाणार नव्हत्या.

मी मावशीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात धुतले आणि निघाली. मी मागून सुचवलं की दोन्ही शपथा खोट्या आहेत असं सांगून टाक. ती थांबली. "माझी मी सोडवीन. त्यांची कशी सोडवू? तो शब्द ह्या बायांनी दुसऱ्याला दिलाय."

रांगेतल्या आठही जणींना तिनं बाहेर बोलावलं. एकेकीचा उजवा हात धरून तळवा आपल्या पदरानं पुसला. प्रत्येकीला तेच सांगितलं: "माझा भंडारा मी परत घेतला. देवाचं काय ते मी बघंन. आता तुमच्यावर एकच शब्द राहिला. उद्या मतदानाला जायचं."

रिंकूदेवी तिच्याकडे बघत राहिली. मी हिंदीत समजावून सांगितलं, जमेल तेवढं.

काका फाटकापाशी उभे होते. राहिलेला एक शब्द समोरच्यांचा होता, हे त्यांना माझ्या आधी कळलं. "आठ मतं सवताच्या हातानं त्यांच्या दारात नेऊन टाकलीस," ते म्हणाले.

"टाकली. सकाळपास्नं रडतीय ती पोरगी. पहिलंच मत हाय तिचं. भ्यायला लावून कसलं मत घेता?"

काका समोरच्यांनाही ताट परत घ्यायला सांगू, म्हणून निरोप देऊन एकाला पाठवणार होते. मग म्हणाले, ते कशाला सोडतील. आणि जेवायला बसलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मतदान. शाळेच्या आवाराबाहेर उमेदवारांची टेबलं लागतात त्यापासून लांब एका बाभळीखाली मी उभा होतो, कारण मी तिथला मतदार नाही आणि कुणी हटकलं तर काय, ही भीती. नऊ वाजता त्या आठ जणी एकत्र आल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. बोटाला शाई लावून बाहेर आल्यावर रिंकूदेवीनं ते बोट उंच धरून नवऱ्याकडून फोटो काढून घेतला. तीन वेळा, कारण पहिल्या दोन्हींत डोळे मिटले होते.

तिसऱ्या दिवशी मतमोजणी शिरूरला होती. काकांना मागे बसवून गेलो. दिवसभर उन्हात उभं राहायचं असेल तर टोपी आणि पाणी घेऊन जा, सावली फक्त पोलिसांच्या गाडीची असते. आमच्या वॉर्डाचा निकाल बाराला लागला. मावशी सहा मतांनी पडली. काका बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मीही मनात तेच मोजलं. त्या आठ जणी घरी बसल्या असत्या तर मावशी दोन मतांनी निवडून आली असती.

घरी पोचलो तेव्हा चौकात समोरच्यांचा गुलाल उडत होता आणि ओट्यावर रिंकूदेवी मावशीसमोर उभी होती. निकाल तिला कळला होता. मान खाली घालून म्हणाली, "मौसी, हम आठों ने उधर ही दिया."

काकांनी तोंड उघडलं. मावशीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बरं केलंस. शब्द पाळलास," ती म्हणाली. "शिफ्ट हाय न्हवं तुला? मग जेवून जा."

रिंकूदेवी तिथंच बसून जेवली. मावशीनं तिला दोनदा भाकरी वाढली, आणि मग काकांनाही, जे दोन दिवसांनी धड जेवत होते.

मी त्याच संध्याकाळी न्हावऱ्यावरून परत आलो. दुकानात मालकानं विचारलं, कोण आलं? मी म्हटलं, मावशी पडली. वाईट झालं, तो म्हणाला. मीही तसंच म्हणालो, पण म्हणताना नीट जमलं नाही. रस्त्यानं येताना मला सारखा तो पदर दिसत होता, हळदीचा एक कणही हाताला उरलेला नसताना तळवा घासून पुसणारा.

आठवड्यानं तिचा फोन आला. खोल्यांत चार नवीन पोरी राहायला आल्यात, तिघी अठरा पूर्ण झालेल्या, मतदारयादीचे फॉर्म नीट भरून द्यायला ये. मी विचारलं, पुढच्या वेळी पुन्हा उभी राहणार का? ते माहीत नाही, म्हणाली. मग त्या पोरी मत कुणाला देतील, मी विचारलं.

"ते त्यांचं त्या बघतील. तू गुरुवारी ये, गुरुवारी कंपनीला सुट्टी असती."