मामांनी दिलेला बेवारस डबा

बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, हे पंजाब धुमसत होता त्या काळात चंदीगडमध्ये मला झोपेतसुद्धा पाठ होतं. बसमध्ये, बागेत, सिनेमाला, जिथे जाल तिथे तीच पाटी! बॉम्बच्या धास्तीने आमच्या शाळेच्या सहली बंद होत्या. मी जीवशास्त्र शिकवायचे आणि माझ्या मुलांना झाड दिसायचं ते फक्त फळ्यावर.

खूप मागे लागल्यावर प्रिन्सिपल मॅडम कशाबशा तयार झाल्या. "पहले टीचर्स जाएँगे. सब ठीक रहा तो बच्चे."

म्हणून सुखना तलावामागच्या जंगलात निघालो आम्ही बारा शिक्षक, मॅडम, वनखात्याचे गार्डजी आणि माझे मेजर यजमान (सुट्टी होती, शिवाय बायकोवर विश्वास नव्हता!). गार्डजींनी खैर दाखवला, सांबराचे ठसे दाखवले, "जंगल में कुछ छोड़ना नहीं" असं दहादा बजावलं. तेवढ्यात माकडं मागे लागली. मी शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा गुपचूप एका झुडपाखाली सरकवला. म्हटलं, परतताना उचलू.

परतलो मात्र दुसऱ्याच वाटेने. अन् समोर झुडपाखाली काहीतरी चकाकलं!

"बॉम्ब!" किंचाळलं कोण? मीच!

"सब लेट जाओ!" हे गरजले. बारा शिक्षक काट्यांत पालथे, मॅडम सांबराच्या लेंड्यांत! गार्डजी पोलिसांना बोलवायला रांगत निघाले. गेली माझ्या मुलांची सहल! मला रडूच यायला लागलं.

ह्यांनी दुर्बीण लावली. "डिब्बे पे कुछ लिखा है!"

"कोड होगा, साब," गार्डजी रांगता रांगता थांबून कुजबुजले.

हे खणखणीत आवाजात वाचू लागले, "चि. सौ. कां. सुमन हिला... लग्नानिमित्त सप्रेम भेट... मामा, कऱ्हाड..." आवाज बारीक बारीक होत गेला. मग दुर्बीण माझ्याकडे वळली. "अगं सुमे!"

"अहो, या बाजूने तो वेगळाच दिसत होता हो!"

मॅडम उठल्या, कपडे झटकले. मी मनात राजीनामा लिहायला घेतला. आणि त्या हसायलाच लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

"कितने दिनों बाद किसी लावारिस चीज़ का मालिक मिला है, जी! ले जाओ बच्चों को. वो भी तो हँसें थोड़ा." असं म्हणून त्यांनी मूठभर शंकरपाळ्या उचलल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढच्याच शनिवारी चाळीस मुलं जंगलात गेली. परवानगीच्या पत्रात अट एकच होती: प्रत्येक मुलाने आपापला डबा सांभाळावा, आणि दोघांनी सुमन मॅडमचा.